सव्वीस फुटी शिडाच्या नौकेवर राहताना कोणते काम आधी, कोणते नंतर

जुन्या, लहान शिडाच्या नौकेवर राहायला जायचे ठरले की सुधारणांसाठी हात शिवशिवू लागतात, आणि बहुतेकांची यादी नव्या गाद्या, फ्रीज, सोलर पॅनेल आणि चकचकीत ओटा यांपासून सुरू होते. पाण्याखालचे कॉक (नौकेच्या अंगातल्या भोकांवरच्या तोट्या), कीलचे (तळाखालच्या जड पात्याचे) बोल्ट, डोलकाठीच्या तारा आणि गॅसची नळी डोळ्यांसमोर नसल्यामुळे यादीच्या तळाशी जातात, आणि एकदा सामानसुमानासह संसार थाटला की त्यांच्यापर्यंत हात पोचवणेही अवघड होऊन बसते. मी आणि माझ्या पत्नीने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्समथच्या बंदरात, सव्वीस फुटी नौकेवर चार हिवाळे काढले. उलट्या क्रमाने केल्यामुळे काही कामे आम्हाला दोनदा करावी लागली. आज पुन्हा सुरुवात केली तर ज्या क्रमाने करू, तो क्रम येथे मांडत आहे.

उदाहरणासाठी आमच्याच जातीची नौका घेतो. वेस्टर्ली सेंटॉर ही नौका १९६९ ते १९८० या काळात पोर्ट्समथजवळच्या वॉटरलूव्हिल येथे बांधली जात होती, तिचे आरेखन लॉरेंट जाइल्स या ब्रिटिश कार्यालयाचे होते आणि अशा २,४०० हून अधिक नौका पाण्यात उतरल्या, त्यामुळे जुन्या नौकांच्या बाजारात ती आजही सहज मिळते. तिची लांबी ७.९ मीटर, रुंदी सुमारे २.६ मीटर, पाण्याखालची खोली जेमतेम ०.९ मीटर आणि वजन सुमारे ३ टन आहे. तिला मधोमध एक खोल कील नसून दोन्ही बाजूंना एकेक अशा ओतीव लोखंडाच्या दोन आखूड कील आहेत, त्यामुळे ओहोटीला पाणी सरले की ती चिखलावर सरळ उभी राहते. वर्सोव्याला किंवा कोकणातल्या एखाद्या खाडीत ओहोटीच्या वेळी कुशीवर कललेल्या होड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको. चुलीवरचे भांडे दिवसातून दोनदा कलणार असेल तर तिथे संसार होत नाही. उधाणाला पोर्ट्समथमध्ये पाण्याची पातळी सुमारे ४ मीटरने वरखाली होते, आणि ओहोटीला उघडी पडणारी जागा नौका ठेवण्यासाठी बरीच स्वस्त मिळते. म्हणून राहण्यासाठी नौका निवडताना मी वेगापेक्षा या सरळ उभे राहण्याला अधिक गुण देतो.

मात्र ज्या गुणासाठी ती घ्यायची, तिथेच तिची पहिली तपासणीही करायची असते. दोन्ही कील खालच्या अंगाला किंचित बाहेर फाकलेल्या असल्याने तळाला टेकताना त्या आणखी फाकू पाहतात आणि त्यांच्या मुळाशी फायबरवर ताण येतो. सुरुवातीच्या सेंटॉरमध्ये हा भाग आतून पुरेसा जाड नव्हता, ही गोष्ट या नौकांच्या मालकांना चांगली ठाऊक आहे. तळफळ्या उचलून बॅटरीच्या उजेडात प्रत्येक बोल्टभोवती पाहावे. तिथे तांबूस ओघळ असतील, फायबरमध्ये केसासारख्या भेगा असतील किंवा बाहेरून कील आणि नौकेचे अंग यांच्या सांध्यात रेघ उघडलेली दिसत असेल, तर आतून फायबरच्या आडव्या पट्ट्या चढवून तळ मजबूत करणे आणि नटांखाली मोठ्या, जाड स्टेनलेस चकत्या बसवणे हा रुळलेला उपाय आहे. हे काम आधी झाले आहे का, हे विकणाऱ्याला विचारावे आणि झाले असेल तर पावत्या मागाव्यात. बाहेरच्या अंगावर पाणी मुरून आलेले लहान फोड मात्र नवख्या माणसाला वाजवीपेक्षा जास्त घाबरवतात. पन्नास वर्षांच्या फायबरवर थोडे फोड असणारच, आणि त्यांनी नौका बुडत नाही.

पैसे देण्यापूर्वी दोन कागद हातात हवेत. पहिला कागद स्वतंत्र तपासनिसाचा अहवाल, कारण जुन्या नौकेचा विमा उतरवताना बहुधा तो मागितला जातोच. दुसरा कागद म्हणजे जिथे नौका ठेवणार तिथे राहण्याची लेखी परवानगी. अनेक मरीनांमध्ये, म्हणजे खासगी नौकांच्या धक्क्यांवर, नौका ठेवता येते, अधूनमधून रात्री झोपताही येते, पण वर्षभर राहता येत नाही. विमा कंपनीलाही आपण नौकेवर राहतो हे स्पष्ट सांगावे, कारण ही गोष्ट लपवून घेतलेला विमा नेमका गरजेच्या वेळी नाकारला जाऊ शकतो.

नौका पहिल्यांदा क्रेनने जमिनीवर घेतली जाईल तेव्हा पाण्याखालच्या सगळ्या कॉकचा निकाल लावावा. इंजिनाला थंड पाणी घेणारे, संडासाचे आत येणारे व बाहेर जाणारे, बेसिनचे आणि कॉकपिटमधले (सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीतले) पाणी बाहेर काढणारे अशी पाच-सहा भोके अशा नौकेला असतात. साध्या पितळेचा कॉक खाऱ्या पाण्यात आतून झिजतो. त्यातले जस्त निघून जाते आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ, गुलाबीसर तांबे उरते. बाहेरून तो धडधाकट दिसतो आणि एक दिवस मूठ फिरवताना हातात येतो. पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या मीटरवर ३८ मिलिमीटरचे भोक उघडे पडले तर मिनिटाला सुमारे १२० लिटर पाणी आत येते, आणि हाताने चालवायचा सर्वसाधारण पंप त्याच्या निम्मे पाणीही सहज बाहेर काढू शकत नाही. म्हणून कॉक काशाचा, जस्त न सोडणाऱ्या खास पितळेचा किंवा समुद्री वापरासाठी बनवलेल्या प्रबलित प्लॅस्टिकचाच बसवावा, प्रत्येक नळीला दोन क्लिपा लावाव्यात, आणि प्रत्येक कॉकशेजारी त्या मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी सुतळीने बांधून ठेवावी. जे भोक लागत नाही ते फायबरने कायमचे बुजवावे. महिन्यातून एकदा प्रत्येक कॉक उघडून-मिटून पाहावा, नाहीतर ज्या दिवशी तो मिटवायचा असेल त्या दिवशी तो घट्ट बसलेला असतो.

सव्वीस-तीस फुटांच्या नौकांची गोष्ट निघाली की मला मुंबईत सागवानात बांधलेली ‘सुहैली’ आठवते. त्या बत्तीस फुटी नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, एकट्याने आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, आणि वाटेत अटलांटिक महासागरात तळाच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागले तेव्हा त्यांना पाण्यात उतरून तो सांधा बाहेरून भरावा लागला. फायबरच्या नौकेला फळ्यांचे सांधे नसतात. तिचे सांधे म्हणजे हे कॉक, आणि ते जमिनीवर उभे राहून, कोरड्या हातांनी दुरुस्त करण्याची सोय आपल्याला आहे, तर ती वापरावी.

डोलकाठीच्या तारांबद्दल थोडक्यात सांगता येते. स्टेनलेस तारा दहा ते पंधरा वर्षांनी बदलाव्यात असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यांचे वय माहीत नसेल तर त्या जुन्याच समजाव्यात. तारेचा पदर तुटतो तो बहुधा टोकाच्या जोडापाशी, म्हणून तिथे कापडाने पुसून पाहावे. कापडाचा धागा अडकला तर ती तार त्याच आठवड्यात बदलावी.

गॅसबद्दल मात्र थोडे थांबावे लागेल, कारण घरच्या सवयी इथे घातक ठरतात. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरी तो गळला तर दार-खिडकी उघडून बाहेर घालवता येतो, पण नौकेचा तळ म्हणजे बंद वाडगा. गळलेला गॅस तळफळ्यांखाली साचतो, नाकाला त्याचा वास लागायच्या आत पुरेसा जमलेला असू शकतो, आणि पंपाच्या स्विचची एक ठिणगी त्याला पुरते. म्हणून सिलिंडर केबिनच्या आत कधीही ठेवू नये. त्याच्यासाठी केबिनपासून पूर्ण बंद असा वेगळा कप्पा हवा, ज्याच्या तळातून पाण्याच्या पातळीच्या वर, थेट नौकेबाहेर उघडणारी निचऱ्याची नळी असेल. रबरी नळीवर छापलेले साल वाचावे, स्वयंपाक झाला की सिलिंडरवरचा कॉक बंद करावा, आणि सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र झोपण्याच्या जागेजवळ लावावे. ब्रिटनच्या कालव्यांवर आणि नद्यांवर झोपण्याची सोय असलेल्या नौकांसाठी ते १ एप्रिल २०१९ पासून आवश्यक झाले आहे. समुद्रातल्या नौकेवर तशी सक्ती नसली तरी विषारी वायू तोच असतो.

इतके झाले की राहायला जावे, आणि एक पूर्ण हिवाळा सुतारकामाला हात लावू नये. आम्ही पहिल्याच उन्हाळ्यात पुढच्या केबिनमध्ये सुंदर कप्पे ठोकले आणि जानेवारीत ते सगळे काढले, कारण त्यांच्या मागे नौकेच्या अंगावरून पाणी ओघळत होते आणि आत ठेवलेल्या लोकरी कपड्यांवर बुरशी चढली होती. मी मालवणचा, त्यामुळे पावसाळ्यात चपलांवर आणि पुस्तकांवर चढणारी बुरशी मला नवी नव्हती; पण कोकणात ती बाहेरच्या दमट हवेतून येते, इथे मात्र ती आपणच तयार करतो, हे समजायला मला एक हिवाळा लागला.

हिशेब असा आहे. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो, म्हणजे दोन माणसे आठ तासांत अर्ध्या लिटरहून अधिक. गॅस जळतानाही पाणी तयार होते: १०० ग्रॅम प्रोपेन जळले की सुमारे १६० ग्रॅम वाफ. त्यात भाताची वाफ आणि ओले रेनकोट यांची भर. बाहेर ३-४ अंश तापमान असताना एकपदरी फायबरचे अंग आतूनही तितकेच थंड असते, आणि हवेतले हे सगळे पाणी त्याच्यावर, खिडक्यांच्या चौकटींवर आणि सर्वांत वाईट म्हणजे गादीच्या खालच्या बाजूला जमते. यावर एकच उपाय पुरत नाही. हवा बाहेर जायला वाट हवी, आतले पृष्ठभाग उबदार हवेत आणि कोरडी उष्णता हवी. या तिन्हींपैकी एक राहिले तर बाकीच्या दोहोंचा पैसा वाया जातो.

हवेसाठी एक झरोका पुढे नाळेकडे आणि एक मागे दारापाशी असा जोड हवा, आणि तो थंडीतही मिटवायचा नाही. रात्री झरोके मिटवून शेगडी पेटवून बसणे हे नौकेवरच्या सगळ्यांत वाईट सवयींपैकी एक आहे. त्याने पाणीही वाढते आणि विषारी वायूचा धोकाही. उष्णतेसाठी धुराडे किंवा धुराची नळी नौकेबाहेर जाते अशीच शेगडी घ्यावी. डिझेलवर चालणारा, गरम हवा फेकणारा हीटर लहान नौकेला सोयीचा पडतो, कारण त्याचे ज्वलन बंद पेटीत होते, धूर बाहेर जातो आणि आत येते ती फक्त कोरडी, गरम हवा. उघड्या ज्योतीचा रॉकेलचा किंवा गॅसचा हीटर नौका तापवतो आणि त्याच वेळी ती भिजवतो. मरीनामध्ये किनाऱ्यावरची वीज असेल तर हवेतले पाणी शोषणारे यंत्र लावता येते, पण ते घेताना जात पाहावी: फ्रीजसारखा काँप्रेसर असलेले यंत्र १० अंशांच्या खाली जवळजवळ निरुपयोगी होते, तर शोषक चाक असलेले यंत्र थंडीतही काम करते, अर्थात अधिक वीज खाऊन.

पृष्ठभाग उबदार ठेवण्यासाठी पाण्याच्या पातळीच्या वरच्या भागात, आतून, बंद छिद्रांचा १० मिलिमीटर फोम चिकटवावा. स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा फोम चालत नाही. तो पाणी पितो. फोम आणि नौकेचे अंग यांच्यामध्ये हवेची पोकळी राहिली तर त्या पोकळीत पुन्हा पाणी जमते, म्हणून पूर्ण पृष्ठभागाला गोंद लावून तो दाबून बसवावा. गादीखाली लाकडी पट्ट्यांची चौकट किंवा प्लॅस्टिकच्या जाड जाळीचा थर घालावा, म्हणजे खालून हवा खेळते. आमच्या चार वर्षांतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी सुधारणा हीच ठरली.

फोमचे काम करताना छताचा प्रश्न आपोआप पुढे येतो. सत्तरच्या दशकातल्या अनेक फायबर नौकांमध्ये छताला आतून रेक्झिनसारखे, पाठीला फोम असलेले कापड चिकटवलेले असते. पन्नास वर्षांत त्या फोमचा चुरा होतो आणि कापड पोट सुटल्यासारखे खाली लोंबू लागते. पिनांनी किंवा पट्ट्यांनी ते वर दाबणे म्हणजे काम पुढे ढकलणे आहे. ते पूर्ण काढावे. कापड सहज सुटते, पण छताला चिकटून राहिलेला चुरा तारेच्या ब्रशाने खरवडावा लागतो आणि तो नाकातोंडात जातो, म्हणून चांगला मास्क, चष्मा आणि अंगभर जुने कपडे हवेत, आणि गाद्या, भांडी, पुस्तके आधी किनाऱ्यावर हलवावीत. नौकेवर राहत असताना हे काम करू नये. आठवडाभर मित्राकडे मुक्काम करावा. छत उघडे असतानाच वरच्या प्रत्येक फिटिंगचे बोल्ट तपासावेत, कारण खिडक्यांपेक्षाही डेकवरच्या बोल्टांच्या भोकांतून जास्त पाणी झिरपते आणि एरवी ती भोके छताआड लपलेली असतात. नवे कापड पुन्हा थेट चिकटवण्यापेक्षा पातळ प्लायवुडच्या फळीवर ताणून, फळ्या स्क्रूने बसवाव्यात. पुढच्या वेळी एखादा बोल्ट गळला तर एक फळी उतरवून त्याच्यापर्यंत पोचता येते.

विजेचे काम हिशेबापासून सुरू करावे, दुकानापासून नव्हे. आमच्या हिवाळ्यातल्या एका दिवसाचा हिशेब देतो. २ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास, म्हणजे ४० वॅट-तास. ५० वॅट घेणारा लॅपटॉप पाच तास, २५०. दोन फोन, ३०. रेडिओ दहा तास ऐकण्यावर, ५०. हीटरचा पंखा आठ तास, १६०. पाण्याचा पंप, ५. एकूण ५३५ वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ४५ अँपिअर-तास. फ्रीज लावला तर त्यात आणखी ४०० वॅट-तासांची भर पडते, आणि इंग्लंडच्या हिवाळ्यात फ्रीजची गरजच नसते. पाण्याच्या पातळीखालचा कप्पा दूध-भाजीला पुरेसा थंड राहतो. फ्रीज घेण्याचा निर्णय म्हणूनच आम्ही दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत लांबवला.

शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज वारंवार काढली तर तिचे आयुष्य घटते, त्यामुळे ११० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून रोज ५५ मिळतील असे धरावे. वरचा हिशेब एका बॅटरीत एक दिवस बसतो, दोन दिवस नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-तासांची बॅटरी त्यातले ८० ते ९० टक्के देते आणि तिचे वजन निम्म्याहून कमी असते, पण ती जुन्याच्या जागी नुसती ठेवून चालत नाही. रिकामी झालेली लिथियम बॅटरी इंजिनाच्या आल्टरनेटरकडून झेपेल त्याहून जास्त विद्युतप्रवाह ओढते आणि तो तापून जळू शकतो, म्हणून दोहोंमध्ये प्रवाहावर मर्यादा घालणारा चार्जर हवा. शून्य अंशांच्या खाली ती चार्ज करायची नसते. इंजिन सुरू करण्याची बॅटरी मात्र वेगळी आणि शिशाचीच ठेवावी, आणि घरखर्चाची वीज तिच्यातून कधीही घेऊ नये.

सोलर पॅनेलच्या बाबतीत अक्षांश विसरू नये. दक्षिण इंग्लंडमध्ये आडवे ठेवलेले १०० वॅटचे पॅनेल जूनमध्ये दिवसाला ३५० ते ४५० वॅट-तास देते, डिसेंबरमध्ये मात्र ५० च्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात दोन पॅनेलांवर फ्रीजसह भागते आणि हिवाळ्यात तीच दोन पॅनेले लॅपटॉपलाही पुरत नाहीत. हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या विजेची सोय असलेली जागा घेणे, हाच आमचा अनुभवाअंती ठरलेला मार्ग आहे.

किनाऱ्यावरची २३० व्होल्टची वीज आत घेताना ३० मिलिअँपिअरवर तुटणारा सुरक्षा स्विच अत्यावश्यक आहे, आणि त्या वायरिंगचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. त्याच वेळी अर्थिंगच्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवून घ्यावा. मरीनातल्या सगळ्या नौका अर्थिंगच्या तारेने एकमेकींना जोडल्या जातात, आणि आयसोलेटर नसेल तर आपला पंखा (पाण्यातला प्रोपेलर) गंजू नये म्हणून नौकेखाली लावलेले जस्ताचे तुकडे शेजाऱ्याच्या पंख्याचे रक्षण करण्यात झिजून जातात, त्यानंतर आपल्याच पंख्याचा क्रमांक लागतो.

१२ व्होल्टचे काम स्वतः करता येते, मात्र तारेची जाडी हिशेबाने घ्यावी. आमचा हीटर बसवल्यावर पहिल्या थंडीत पेटेना. यंत्र बिघडले म्हणून ते दोनदा खोलले. दोष तारेचा होता. पेटताना हीटर सुमारे १० अँपिअर घेतो, बॅटरीपासून तो ४ मीटर दूर होता, म्हणजे जाऊन-येऊन ८ मीटर, आणि मी १.५ चौरस मिलिमीटरची तार वापरली होती. तिच्यात जवळजवळ १ व्होल्ट गळून जात होता. ६ चौरस मिलिमीटरची तार टाकल्यावर ही गळती पाव व्होल्टाच्या आत आली आणि हीटर पहिल्या झटक्यात पेटला. कल्हई केलेली तांब्याची तार घ्यावी, सांधे डाग देऊन न करता योग्य पक्कडीने दाबून करावेत, आणि प्रत्येक धन तारेला बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज असावा. फ्यूज उपकरणाला वाचवण्यासाठी नसून तारेला आग लागू नये म्हणून असतो, त्यामुळे तो तारेच्या क्षमतेनुसार निवडावा.

पाणी, स्वयंपाक आणि संडास यांत फार गुंतू नये. दोन माणसांना जपून वापरले तर दिवसाला १२ ते १५ लिटर गोडे पाणी पुरते, आणि विजेच्या पंपाबरोबर पायाने चालवायचा पंप ठेवला की वापर आपसूक घटतो. प्रेशर कुकर हे नौकेवरचे सर्वोत्तम भांडे आहे: गॅस कमी लागतो, वाफ कमी सुटते आणि हेलकाव्यात झाकण उडत नाही. संडासाला साठवण टाकी हवीच. तिच्या नळ्या दर काही वर्षांनी बदलल्या नाहीत तर वास नळीच्या रबरातून बाहेर येतो आणि कुठल्याही औषधाने जात नाही.

आता वजन. या आकाराच्या नौकेवर साधारण ११० किलो सामान चढले की ती एक सेंटिमीटर खाली बसते. दोन माणसांची पुस्तके, अवजारे, डबे, कपडे आणि सुट्या भागांची पेटी मिळून ३०० किलो सहज होतात, म्हणजे नौका ३ सेंटिमीटर बुडते. आणि हे सगळे मागच्या कप्प्यांत कोंबले तर कॉकपिटचे निचऱ्याचे भोक पाण्याखाली जाऊ शकते. राहायला येण्यापूर्वी रिकाम्या नौकेची पाण्याची रेघ चार ठिकाणी बारीक रंगाने टिपून ठेवावी आणि दर वसंतात तिच्याशी ताडून पाहावे. जड वस्तू मध्यभागी आणि खाली ठेवाव्यात. वर्षभर हात न लावलेली वस्तू किनाऱ्यावर जावी, याला अपवाद दोनच: जीवरक्षक साहित्य आणि नांगर.

नांगराच्या बाबतीत वजनाची काटकसर करू नये. १० किलोचा आधुनिक नांगर आणि ८ मिलिमीटरची साखळी या नौकेला शोभते. साखळी मीटरला सुमारे १.४ किलो भरते, म्हणजे ४० मीटरचे ५६ किलो, आणि ते नाळेच्या टोकाला असतात. तरीही ते ठेवावेत. साखळी किती सोडायची हे भरतीच्या पाण्यावर ठरते: ओहोटीला ३ मीटर खोली असेल, वर ४ मीटर भरती येणार असेल आणि नाळ पाण्यापासून १ मीटर उंच असेल तर एकूण ८ मीटर झाले, आणि निदान त्याच्या चौपट, म्हणजे ३२ मीटर साखळी बाहेर हवी. ओहोटीच्या खोलीवर हिशेब करून झोपलेला माणूस पहाटे शेजारच्या नौकेला जाऊन टेकलेला असतो.

शेवटी एक नियम, जो आम्ही दुसऱ्या वर्षापासून पाळला. महिन्यातून एकदा, हिवाळ्यातही, बरा दिवस पाहून दोर सोडावेत आणि निदान दोन तास शीड चढवून बंदराबाहेरच्या सोलेंट या सामुद्रधुनीत फिरून यावे. घर झालेली नौका फार लवकर जागीच रुतते. शीड चढवायची दोरी चाकात अडकते, इंजिनात ओल धरते, आणि ओट्यावर मांडलेल्या वस्तूंमुळे बाहेर पडायचा उत्साहच राहत नाही. फिरताना जे जे पडले त्याला परतल्यावर कायमची जागा करावी. मग तळफळ्या उचलून बिल्ज, म्हणजे नौकेचे सर्वांत खालचे पोट, पाहावे. सकाळी ते कोरडे पुसून ठेवलेले असेल आणि आता तळाशी पाणी असेल, तर पाणी स्वच्छ आणि तेलाचा तवंग नसलेले असल्याची खात्री करून त्याचा एक थेंब जिभेवर ठेवावा. खारट लागला तर कॉक, पंख्याच्या दांड्याचा सांधा आणि कीलचे बोल्ट या क्रमाने शोध घ्यावा. गोडा लागला तर आधी पाण्याची टाकी आणि तिच्या नळ्या, नंतर डेकवरचे बोल्ट आणि खिडक्या पाहाव्यात.